कृष्णेतल्या जिवाणूंना आधी श्वास घेऊ द्या

नदीवर तेलाचा तवंग दिसला, की कुणीतरी हमखास म्हणतं, “टेन्शन कशाला? तेल खाणारे बॅक्टेरिया सोडू.” ऐकायला छान आहे. पण यात विज्ञान कमी आणि आळस जास्त आहे.

ते बॅक्टेरिया कृष्णेत आधीपासून आहेत. स्युडोमोनास, अ‍ॅसिनेटोबॅक्टर ही मंडळी नद्यांच्या पाण्यात आणि गाळात राहतातच. डिझेल हे त्यांच्यातल्या अनेकांचं अन्न. 1989 साली अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यांवर चक्क खत फवारलं गेलं. तिथल्या जिवाणूंना नायट्रोजन आणि फॉस्फरस कमी पडत होता. तो मिळाला आणि त्यांचा वेग वाढला.

कृष्णेत खताची टंचाई नाही. उसाच्या रानातून आणि सांडपाण्यातून ते भरपूर येतं. कमी पडतो तो प्राणवायू. हिशेब करा: एक किलो तेल पूर्ण जिरवायला सुमारे साडेतीन किलो प्राणवायू लागतो. चांगल्या नदीच्या एक लिटर पाण्यात तो जेमतेम 8 मिलिग्रॅम असतो. म्हणजे एका किलो तेलासाठी चार लाख लिटरहून जास्त पाण्यातला प्राणवायू! वाहतं पाणी हवेतून नवा घेतं, हे खरं. पण सांगलीत शेरीनाल्यासारखा नाला मैला घेऊन नदीत उतरतो, तेव्हा त्यातला बराचसा मैला कुजवण्यातच खर्च होतो. अशा पाण्यात पाकिटातले आणखी जिवाणू ओतले, तर श्वास मागणारी तोंडं तेवढी वाढतील.

पाकीट अगदीच फुकट नाही. टेरी संस्थेचं ऑइलझॅपर रिफायनरीच्या तेलकट गाळावर वापरलं गेलंय. तो गाळ जमिनीवर पसरून नांगरता येतो, त्याला हवा देता येते. नदी कशी नांगरणार? शिवाय इंजिनच्या जळक्या ऑइलमध्ये धातूही असतात. ते कुठलाच जिवाणू संपवू शकत नाही.

2016च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे. गॅरेजसमोरचं गटार ही त्याची जागा नव्हे. पुढच्या सर्व्हिसिंगला एवढंच विचारा, “जुनं ऑइल कुठं जातं?” आणि आपल्या नगरसेवकाला विचारा, नाला प्रक्रिया न होता नदीत का जातो?

माहुलीला, कऱ्हाडला जे ओतलं जातं, ते खाली सांगलीकडेच येतं. आणि सांगली हेच पाणी पिते. जिवाणू त्यांचं काम करतीलच. आपलं काम त्यांच्यावर ढकलू नका.