मामा, भाचा आणि दोन न्याय : दहशतवाद्याला योद्धा म्हणण्याची किंमत

#थ्रेड

१/ २६ फेब्रुवारी १९९३. न्यूयॉर्कमधील वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरातील वाहनतळावर स्फोटकांनी भरलेली भाड्याची व्हॅन उडाली. ६ जण मृत्युमुखी पडले, हजाराहून अधिक जखमी झाले. सूत्रधार रमझी युसूफ त्याच रात्री विमानाने पाकिस्तानला निसटला. हा थ्रेड त्याची आणि त्याच्या मामाची कथा सांगतो. इस्लामवादी दहशतवादाला पाश्चात्त्य राष्ट्रांनी कसे उत्तर द्यावे, या प्रश्नाचा निकाल या एका कुटुंबाच्या इतिहासात लिहिलेला आहे.

२/ प्रथम भाचा. ढिगारा उपसताना तपास करणाऱ्यांना व्हॅनचा एक तुकडा मिळाला. त्यावर वाहनाचा ओळखक्रमांक होता. त्यावरून गाडी भाड्याने देणारी कचेरी सापडली. युसूफचा साथीदार मोहम्मद सलामेह याने गाडी चोरीस गेल्याची बतावणी केली होती, आणि ४०० डॉलरची अनामत परत मिळावी म्हणून तो त्याच कचेरीत आला. अटक झाली. यासाठी एकही तोफ डागावी लागली नाही. लोखंडाचा तुकडा, भाड्याचा कागद आणि चिकाटी एवढे पुरले.

३/ ७ फेब्रुवारी १९९५ रोजी युसूफ इस्लामाबादेत पकडला गेला. ८ जानेवारी १९९८ रोजी न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप आणि २४० वर्षांची कैद सुनावली. आपण दहशतवादी आहोत आणि त्याचा अभिमान आहे, असे तो न्यायालयात म्हणाला. न्यायाधीश केव्हिन डफी यांनी उत्तर दिले की, त्याचा देव अल्ला नाही. तो मृत्यूचा उपासक आहे. अटकेपासून शिक्षेपर्यंत तीन वर्षेही लागली नाहीत. तो अजून तुरुंगात आहे आणि जगाला त्याचे नाव आठवत नाही.

४/ आता मामा. खालिद शेख मोहम्मद. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांचा प्रमुख आखणीकार. त्या दिवशी २,९७७ निरपराध माणसे मारली गेली. १ मार्च २००३ रोजी तो रावळपिंडीत सापडला. त्याला न्यायालयात उभे केले गेले नाही. सीआयएच्या गुप्त कोठड्यांत त्याला नाकातोंडात पाणी ओतून गुदमरविण्यात आले. एकट्या मार्च २००३ मध्ये १८३ वेळा. २००६ मध्ये त्याची रवानगी ग्वांटानामोला झाली.

५/ पुढे काय झाले? २००९ मध्ये खटला न्यूयॉर्कमध्ये चालविण्याची घोषणा झाली. २०११ मध्ये ती मागे घेतली गेली. २०१२ मध्ये लष्करी आयोगापुढे नव्याने आरोप वाचले गेले. छळातून निघालेला पुरावा चालतो की नाही, याच वादात वर्षे सरली. जुलै २०२४ मध्ये कबुलीच्या बदल्यात जन्मठेप असा करार झाला. दोन दिवसांत संरक्षणमंत्र्यांनी तो रद्द केला. जुलै २०२५ मध्ये अपील न्यायालयानेही करार फेटाळला. बावीस वर्षांनंतरही निकाल नाही!

६/ एकच कुटुंब, एकच शहर, लक्ष्य म्हणून निवडलेली इमारतही एकच. भाच्याला गुन्हेगार मानले, न्याय झाला. मामाला युद्धातील शत्रू मानले, न्याय अडकला. ‘न्यायालये दुबळी, युद्ध समर्थ’ ही पाश्चात्त्य राजकारणातील लोकप्रिय समजूत इतिहासाच्या कसोटीवर नेमकी उलटी ठरते. दहशतवाद्याला योद्ध्याचा दर्जा देणे, ही गेल्या पाव शतकातील सर्वांत महागडी चूक होय.

७/ येथे शब्द नेमके हवेत. इस्लाम हा कोट्यवधींचा धर्म. इस्लामवाद ही त्या धर्माच्या नावाने राज्यसत्ता मागणारी राजकीय विचारसरणी. अल-कायदा आणि इसिस ही तिची सशस्त्र, खुनशी टोके. या विचारसरणीचे नाव घेण्यास कचरणारे पाश्चात्त्य उदारमतवादी चुकतात. धर्म आणि विचारसरणी यांत फरक न करणारे त्यांचे विरोधकही चुकतात. पहिल्यांना रोग दिसत नाही; दुसऱ्यांना रोगी आणि रोग यांतला भेद कळत नाही.

८/ दहशतवाद्याला सर्वाधिक हवे असते ते काय? प्रतिष्ठा. २२ डिसेंबर २००१ रोजी रिचर्ड रीड याने पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात बुटातला बॉम्ब पेटविण्याचा प्रयत्न केला. सेविका आणि प्रवासी यांनी त्याला जेरबंद केले. जानेवारी २००३ मध्ये बॉस्टनच्या न्यायालयात तो स्वतःला सैनिक म्हणवू लागला. न्यायाधीश विल्यम यंग यांनी ती पदवी साफ नाकारली : तो सैनिक नाही, निव्वळ दहशतवादी आहे. मग जन्मठेप सुनावली. हल्ल्यापासून शिक्षेपर्यंत तेरा महिने.

९/ आता मामाकडे पाहा. मार्च २००७ मध्ये ग्वांटानामोच्या लष्करी मंडळापुढे त्याने बिन लादेनची तुलना जॉर्ज वॉशिंग्टनशी केली; इंग्रजांनी वॉशिंग्टनला पकडले असते तर त्यालाही शत्रूसैनिकच ठरविले असते, असा युक्तिवाद केला. बॉस्टनचा न्यायाधीश जी पदवी एका वाक्यात हिरावून घेतो, ती ग्वांटानामोची व्यवस्था आरोपीला आपल्या हाताने बहाल करते. ‘शत्रूसैनिक’ या शब्दातला ‘सैनिक’ त्याने अचूक उचलला.

१०/ हा दर्जा आला कोठून? १४ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने ४२० विरुद्ध १ मतांनी राष्ट्राध्यक्षांना बळाच्या वापराची मुभा दिली. विरोधातले एकमेव मत बार्बरा ली यांचे. त्या ठरावात कालमर्यादा नव्हती, भूगोलाची सीमा नव्हती. ११ जानेवारी २००२ रोजी ग्वांटानामोत पहिले कैदी उतरले. एकूण सुमारे ७८० जण तेथे डांबले गेले. त्यांतील बहुसंख्य कोणताही आरोप न ठेवता सोडून द्यावे लागले. चोर सोडून संन्याशाला सुळी!

११/ छळाने निदान माहिती तरी मिळाली का? इब्न अल-शेख अल-लिबी याला इजिप्तच्या हवाली करण्यात आले. तेथील छळाखाली त्याने सांगितले की, इराक अल-कायदाला रासायनिक अस्त्रांचे शिक्षण देतो. ५ फेब्रुवारी २००३ रोजी कॉलिन पॉवेल यांनी ते संयुक्त राष्ट्रांत पुरावा म्हणून मांडले. २००४ मध्ये लिबीने जबानी फिरविली. तोवर बगदाद पडले होते. मार थांबावी म्हणून माणूस समोरच्याला जे ऐकायचे असते ते बोलतो, आणि राष्ट्रे त्यावर युद्धे करतात.

१२/ त्या युद्धाने काय पेरले? इराकचे सैन्य बरखास्त झाले, राज्ययंत्रणा कोसळली. त्या अराजकात झरकावीची टोळी वाढली आणि तिचीच पुढे इसिस झाली. तिचा म्होरक्या बगदादी २००४ मध्ये अमेरिकनांच्या कॅम्प बुक्का या तुरुंगछावणीत होता. २०१४ मध्ये इसिसने पाश्चात्त्य ओलिसांचे शिरच्छेद केले, तेव्हा त्यांना ग्वांटानामोच्या कैद्यांसारखे नारिंगी कपडे चढविले. अमेरिकेने शत्रूच्या हाती प्रचाराचे साहित्य आयते दिले होते. रोगापेक्षा औषध भयंकर ठरले.

१३/ हा धडा पाश्चात्त्य जगाला आधीच मिळालेला होता. ९ ऑगस्ट १९७१ रोजी ब्रिटनने उत्तर आयर्लंडमध्ये खटल्याविना स्थानबद्धता लागू केली. पहिल्याच दिवशी ३४२ जण उचलले गेले. याद्या जुन्या होत्या, अनेक निर्दोष निघाले. परिणाम? आयआरएकडे तरुणांची रीघ लागली आणि १९७२ हे त्या संघर्षाचे सर्वांत रक्तरंजित वर्ष ठरले. १९७५ अखेर ही स्थानबद्धता गुंडाळावी लागली. इतिहास शिकविण्यास तयार होता, शिकणारा नव्हता.

१४/ येथे विरोधकांचा सर्वांत जोरकस आक्षेप येतो : १९९३ ला गुन्हा मानले म्हणूनच २००१ घडले. ऐकायला बिनतोड वाटते. पण २९ मे २००१ रोजी मॅनहॅटनच्या न्यायालयात नैरोबी आणि दार-ए-सलाम येथील दूतावास-स्फोटांबद्दल चौघे दोषी ठरले होते. त्या खटल्यात अल-कायदाच्या जुन्या सदस्याने शपथेवर संघटनेची रचना, पैसा आणि छावण्या उघड केल्या. न्यायालयाने धोका राष्ट्रासमोर उजेडात मांडला होता. तोही हल्ल्याच्या साडेतीन महिने आधी.

१५/ मग चूक कोठे झाली? ११ सप्टेंबरच्या दोन अपहरणकर्त्यांवर सीआयएची नजर जानेवारी २००० पासून होती. ते अमेरिकेत पोहोचल्याचा माग एफबीआयला ऑगस्ट २००१ पर्यंत लागला नाही. एफबीआयच्या फिनिक्स कचेरीने वैमानिक-शाळांतील संशयितांविषयी जुलैत दिलेला इशारा वर पोहोचून विरला. दोन खात्यांमधली भिंत हे अपयशाचे मूळ होते. भिंत पाडायची होती. त्याऐवजी न्यायालयालाच वळसा घातला गेला.

१६/ दुसरा आक्षेप : न्यायालय आरोपीला सोडते. अहमद घैलानीवर २८५ आरोप होते. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने २८४ फेटाळले. खरे आहे. उरलेल्या एकाच आरोपावर त्याला जन्मठेप झाली, हेही खरे आहे. ब्रिटनमध्ये उस्मान खान अर्धी शिक्षा भोगून आपोआप सुटला आणि २९ नोव्हेंबर २०१९ रोजी लंडन ब्रिजजवळ त्याने दोघांचे प्राण घेतले. ही कायद्याची भयंकर त्रुटी होती. फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेने ती बुजविली. कायदा चुकतो आणि स्वतःला दुरुस्त करतो. ग्वांटानामो दुरुस्तही होत नाही.

१७/ याचा अर्थ सैन्याला काम नाही असा नव्हे. तालिबानने अल-कायदाला राज्याचा आश्रय दिला, तेव्हा २००१ मधील कारवाई स्वसंरक्षणच होती. इसिसने २०१४ मध्ये मोसूल घेतले. मार्च २०१९ मध्ये बाघूज पडेपर्यंत तिच्याशी लढावेच लागले, आणि त्या लढाईत जमिनीवर सर्वाधिक रक्त इराकी व कुर्दी मुस्लिमांनी सांडले. भूमी बळकावणाऱ्याला सैन्य हवे. शहरात लपलेल्या खुन्याला पोलीस, पुरावा आणि न्यायाधीश हवा. ही सीमारेषा पुसली की राष्ट्र दोन्हीकडे हरते.

१८/ युरोपकडे पाहा. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकलगाड्यांत बॉम्ब फुटले. न्यायालयाने नोंदलेले बळी १९१. स्पेनने ग्वांटानामो उभारले नाही. ३१ ऑक्टोबर २००७ रोजी निकाल लागला : २८ आरोपींपैकी २१ दोषी, ७ निर्दोष. सात जण सुटले म्हणूनच एकवीस जणांच्या शिक्षेला वजन आले. निर्दोष ठरविण्याची हिंमत नसलेले न्यायासन दोषी ठरवते, तेव्हा ऐकतो कोण?

१९/ १३ नोव्हेंबर २०१५ : पॅरिसमध्ये बाताक्लां नाट्यगृह, उपाहारगृहे आणि क्रीडागार यांवर हल्ले, १३० मृत्यू. सप्टेंबर २०२१ ते जून २०२२ एवढा काळ खटला चालला. वाचलेल्यांनी आणि आप्तांनी आठवडेच्या आठवडे साक्षी दिल्या. आरंभी स्वतःला इसिसचा लढवय्या म्हणविणारा सालाह अब्देसलाम अखेरीस बळींची क्षमा मागू लागला. त्याला सुटकेची आशा नसलेली जन्मठेप झाली. योद्ध्याचा आरोपी झाला, हीच फ्रान्सची खरी विजयघटिका.

२०/ विचारसरणीशी लढायचे तरी कायदा अपुरा नाही. अबू हमजा लंडनच्या फिन्सबरी पार्क मशिदीतून द्वेष पसरवीत होता. २००६ मध्ये तो खुनास चिथावल्याबद्दल दोषी ठरला, पुढे न्यूयॉर्कमध्ये त्याला जन्मठेप झाली. १६ ऑक्टोबर २०२० रोजी शिक्षक सॅम्युएल पाती यांची फ्रान्समध्ये हत्या झाली. डिसेंबर २०२४ मध्ये विशेष न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले, त्यांत समाजमाध्यमांवर त्यांच्याविरुद्ध मोहीम चालविणारेही होते. सुरी चालविणाऱ्यामागचा आवाजही कायद्याच्या कक्षेत येतो.

२१/ आणि संशयाच्या नजरेने पाहिल्या जाणाऱ्या समाजाचे काय? ७ जानेवारी २०१५ रोजी शार्ली एब्दोच्या मारेकऱ्यांनी पॅरिसच्या पदपथावर पोलीस अहमद मेराबे यांना ठार केले. ते मुस्लिम होते. दोन दिवसांनी ज्यू किराणा दुकानावर हल्ला झाला, तेव्हा ग्राहकांना तळघरातील शीतकोठारात लपविणारा कर्मचारी लासाना बाथिली हाही मुस्लिमच. अशा माणसांना परके ठरविणारे धोरण हे बिन लादेनचे काम फुकट करून देणारे धोरण आहे.

२२/ मराठी वाचकाला हे दूरचे वाटू नये. तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर प्राण दिले म्हणून कसाब जिवंत हाती लागला, आणि मुंबईच्या न्यायालयात कट पुराव्यानिशी सिद्ध झाला. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. २६/११ ची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली शिकागोच्या मुलकी न्यायालयात ३५ वर्षांसाठी तुरुंगात गेला. तो भारताला मिळाला नाही, ही खंत रास्तच. पण २०१६ मध्ये त्याने मुंबईच्या न्यायालयाला दूरचित्रप्रणालीवरून साक्ष दिली. गुप्त कोठडीत जीर्ण झालेला कैदी अशी साक्ष देऊ शकला नसता.

२३/ अखेर पुन्हा मामा आणि भाचा. १९९३ च्या ६ मृतांच्या आप्तांनी निकाल ऐकला. २००१ च्या २,९७७ मृतांच्या आप्तांपैकी कित्येक जण निकालाची वाट पाहता पाहता म्हातारे झाले, कित्येक निघून गेले. त्यांचा न्याय दहशतवाद्यांनी हिरावला नाही. त्यांच्याच राष्ट्राने, कठोर दिसण्याच्या हव्यासापायी, तो गहाण टाकला. पुढचा हल्ला होईल तेव्हा पाश्चात्त्य राष्ट्रांपुढे पुन्हा हीच दोन दारे असतील. एका दारामागे न्यायाधीश बसलेला आहे. दुसऱ्यामागे काय आहे, हे आता जगाला ठाऊक आहे.

(समाप्त)