‘फुकट ते पौष्टिक’ म्हणणाऱ्या सरांना

गेल्या महिन्यात आमच्या वाईत एका निवृत्त मुख्याध्यापकांचं व्याख्यान झालं. बोलता बोलता त्यांनी घरी शिकणाऱ्या मुलांचा विषय काढला. नाव कुणाचंच घेतलं नाही, पण सभागृहात अशा मुलीची आई मी एकटीच होते आणि चार माना माझ्याकडे वळल्या. सर म्हणाले, हल्ली काही पालकांना शाळा नकोशी झाली आहे. इंटरनेटवर जे फुकट सापडेल ते मुलांपुढे टाकायचं आणि त्यालाच शिक्षण म्हणायचं, अशी टूम निघाली आहे. ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणून त्यांनी हशा मिळवला आणि मग भराभर मुद्दे मांडले. फुकटच्या मालाला दर्जा नसतो. डोळे बिघडतात. मूल एकलकोंडं होतं. दाखला मिळत नाही. आई-बापांनाच येत नाही, ते काय शिकवणार? पंधरा मिनिटांत निकाल लागला. प्रश्नोत्तरांना वेळ उरला नव्हता, म्हणून हे लिहिते आहे.

डोळ्यांचं आधी संपवते. आमच्या घरी पडद्यासमोरचा वेळ रोज एक तास, तोही माझ्या शेजारी बसून. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या किती घरांत हा हिशेब ठेवला जातो, हे सरांनी विचारून पाहावं. एकलकोंडेपणाबद्दल एवढंच, की माझी मुलगी संध्याकाळी घाटावर पोहायला जाते, तिथे तिच्या वयाची मुलं असतात आणि तिच्या दुप्पट वयाचीही असतात. चाळीस मुलांच्या वर्गात गप्प बसून तीन वर्षं काढलेली हीच मुलगी आता वाइंडिंगच्या दुकानात जाऊन स्वतःच्या तोंडाने तार मागून आणते.

दाखल्याचं भय मात्र खरं आहे, कारण ते पालकांच्या मनात असतं. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलं आहे. ते न केल्यास पालकांना शिक्षा मात्र सांगितलेली नाही. घरी शिकवणाऱ्यांना या जागेत सावधपणेच पाय टाकावा लागतो आणि मी ते लपवत नाही. पण दहावीचं दार बंद आहे, हे म्हणणं चूक आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून आहे आणि चौदा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला तिची माध्यमिक परीक्षा देता येते. आपल्या राज्यात शाळेत न जाता, १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बसणारी मुलं तर सरांनी स्वतः पाहिली आहेत. त्यांच्याच शाळेच्या खिडकीवर आमच्या शेजारच्या काकूंनी तो फॉर्म भरला होता.

आता ‘फुकट’ या शब्दाकडे येते. माझा खरा राग त्याच्यावर आहे.

सर, तुम्ही मुख्याध्यापक असताना दर जूनमध्ये मुलांना मोफत पाठ्यपुस्तकं वाटलीत. नव्या पुस्तकाचा वास घेणारी मुलं आणि त्यांच्यासमोर उभे असलेले तुम्ही, असे फोटो शाळेच्या फळ्याशेजारी लागलेले मी पाहिले आहेत. तेव्हा त्या पुस्तकांना तुम्ही फुकटचा माल म्हणाला नाहीत. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीची तीच पुस्तकं, त्याच पानांनिशी, तिच्या संकेतस्थळावरून कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात. माझी मुलगी त्यांतूनच भूगोल शिकते. हातात कागद होता तेव्हा ती शासनाची योजना होती. पडद्यावर आली आणि दर्जाहीन झाली, हे कसं? पुस्तकातला एक शब्द तरी बदलला का?

पुढे जाऊ. ज्या गावात उभं राहून सर हे बोलले, त्या गावात मराठी विश्वकोश घडला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली इथे विद्वान माणसं वर्षानुवर्षं नोंदींवर नोंदी तपासत बसली. पहिला खंड १९७६ साली निघाला. आज ते खंड इंटरनेटवर खुले आहेत. ते वाचायला पैसे पडत नाहीत, कारण ते पैसे या राज्याच्या लोकांनी आधीच भरले आहेत. त्याला फुकट म्हणणं म्हणजे सार्वजनिक विहिरीच्या पाण्याला भिकेचं पाणी म्हणण्यासारखं आहे. विश्वकोशाची भाषा अकरा वर्षांच्या मुलीला जड जाते, हे मला मान्य आहे. ‘ग्रहण’ ही नोंद आम्ही दोघींनी तीन संध्याकाळी मिळून वाचली, तेव्हा कुठे ती उमगली. पण जड असणं आणि हलक्या प्रतीचं असणं या दोन गोष्टी सरांनी एका पिशवीत भरू नयेत.

‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघतं. माझ्या लहानपणी ग्रंथालयात त्याचा एक अंक यायचा आणि तो हातात पडेपर्यंत पुढचा महिना उजाडायचा. आता जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर चाळता येतात. माझी मुलगी माझ्या जन्माआधीच्या अंकांतल्या गोष्टी वाचते आणि मला सांगते. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी आहेत आणि त्यांचा परवाना असा खुला आहे, की मूल त्या गोष्टीचा स्वतःच्या बोलीत अनुवाद करून तिथेच ठेवू शकतं. किती शाळांमध्ये मुलाच्या बोलीला असं छापील पान मिळतं?

परदेशी मालाबद्दलही सरांनी नाक मुरडलं. खान अकॅडमीची सुरुवात २००४ साली साल्मान खान या माणसाने लांबच्या गावी राहणाऱ्या आपल्या नात्यातल्या बहिणीला गणित शिकवण्यातून झाली. म्हणजे मुळात ती घरातल्या माणसाने घरातल्या मुलीला दिलेली शिकवणीच होती. भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ नावाची सिम्युलेशन्स सुरू केली. पडद्यावर बॅटरी, तार, दिवा जोडायचा, जोडणी चुकली तर दिवा लागत नाही, आणि का लागत नाही ते मुलानेच शोधायचं. यांतली कित्येक मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतली की वीज-नेट गेलं तरी लॅपटॉपवर चालतात. आमच्याकडे पावसाळ्यात याचं मोल कळतं. नोबेल मिळालेला शास्त्रज्ञ मुलांसाठी जे करतो ते फुकट म्हणून कमअस्सल, आणि चौकातल्या क्लासवाल्याच्या झेरॉक्स नोट्स पैसे मोजले म्हणून अस्सल, हा हिशेब मला समजत नाही.

पैशाला दर्जा समजण्याची चूक मीही केली आहे. मोठा मुलगा सातवीत असताना एक विक्रेता घरी आला. त्याने मुलाला आमच्यासमोर बसवून पाच प्रश्न विचारले, जे सातवीचे नव्हतेच. मुलगा अडखळला. विक्रेता आमच्याकडे वळून म्हणाला, बघा, पाया किती कच्चा आहे. त्या रात्री आम्ही सही केली. टॅब आला, अभ्यासक्रम आला, आणि सहीच्या कागदांत यजमानांच्या नावावर कर्ज होतं, हे पहिला हप्ता कापला गेला तेव्हा समजलं. दर आठवड्याला फोन करणारे मार्गदर्शक दोन महिन्यांनी बंद झाले. हप्ते दीड वर्ष चालू राहिले. त्या टॅबमधली चित्रफीत आणि मोफत मिळणारी चित्रफीत मी शेजारी ठेवून पाहिली आहे. महागडीत रंग जास्त होते आणि मुलाला विचार करायला लावणारी जागा कुठेच नव्हती. अशा कर्जबाजारी घरांबद्दल त्या संध्याकाळी सर एक वाक्यही बोलले नाहीत. हसू आलं ते आमच्यासारख्यांचं, ज्यांनी कुणाचेच पैसे बुडवले नाहीत.

हा वाद मला नवा नाही. आम्ही शाळेत असताना दूरदर्शनवर मुलांचे शैक्षणिक कार्यक्रम लागायचे आणि घरोघरी म्हटलं जायचं, की टीव्ही बघून कुणी शिकतं का. त्यापुढे कॅल्क्युलेटर आला, तेव्हा पाढे बुडाले म्हणून शोक झाला. गाइडांविरुद्ध तर वर्गात जाहीर सभा व्हायच्या, आणि परीक्षेच्या आठवड्यात तीच गाइडं मास्तरांच्या टेबलाच्या खणात असायची. इंग्रजी माध्यमाचं भांडण आठवलं की अजून जीव कासावीस होतो. मराठी शाळा बंद पडतात म्हणून व्यासपीठावर रडलेल्या किती जणांची नातवंडं कुठे शिकतात, ते गावाला ठाऊक आहे. प्रत्येक वेळी साधनाला दोष दिला गेला. मुलाजवळ बसतं कोण, हा प्रश्न एकदाही विचारला गेला नाही.

सरांचा शेवटचा मुद्दा होता, की पालकांना येत नाही. बरोबर आहे, मला पुष्कळ येत नाही. म्हणून तर मी शोधते. आणि मोफत म्हणून दिसेल ते सगळं मी घेत नाही. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या शासकीय संकेतस्थळावर जे उघडतं, त्यात चांगलंही आहे आणि धडा जसाच्या तसा वाचून दाखवणाऱ्या कंटाळवाण्या चित्रफितीही आहेत. त्या आम्ही बंद करतो. निवडणं हेच माझं काम आहे. आदल्या रात्री मी स्वतः पाहिल्याशिवाय मुलीपुढे काही ठेवत नाही.

मग आमचं चालतं कसं, ते एका आठवड्यावरून सांगते. अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ आमच्या घरी सगळ्यांत जास्त उघडलं जातं. आयआयटी कानपूरला शिकलेला हा माणूस पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत राहिला आणि त्याने ती सगळी जगाला मोकळी करून दिली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची एक साधी मोटर आहे. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं, एवढंच सामान. मुलीने पाहून केली. वेटोळं नुसतं थरथरलं, फिरेना. तिने पुन्हा केली, पुन्हा तेच. मी सांगितलं नाही, कारण मलाही माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने चित्रफीत थांबवून थांबवून पाहिली आणि ओरडली, आई, आपण सगळाच मुलामा खरवडला! टोकाची एक बाजू तशीच ठेवायची असते. मग अर्ध्या फेऱ्यात वीज तुटते आणि वेटोळं मिळालेल्या वेगावर पुढे सरकतं. नाहीतर चुंबक त्याला अर्ध्या फेऱ्यानंतर उलटं ढकलत राहतो. पुढे दोन दिवस आम्ही फेटवर वीज आणि चुंबक पाहत होतो. तार संपली तेव्हा ती वाइंडिंगच्या दुकानात गेली. तिथल्या काकांनी जळालेल्या पंख्यातली तार दिली आणि ब्लेडने मुलामा कसा काढायचा तेही शिकवलं.

याहून मोठी पद्धत माझ्याकडे नाही. प्रत्येक घराने हे करावं, असंही मी म्हणत नाही. जिथे दोघंही पहाटेपासून कामावर जातात, त्या घराला शाळाच हवी आणि ती चांगली हवी. पण माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जे चाललं आहे त्याला मुलीपुढे टाकलेला फुकटचा माल म्हणू नका. टाकलेलं काही नाही. प्रत्येक गोष्ट मी वाढते आणि शेजारी बसून असते.

एक गोष्ट मात्र सरांना सांगायची आहे. सध्या आम्ही अपूर्णांकांच्या भागाकाराला अडलो आहोत. भागताना दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं, हा नियम तिला पाठ झाला आहे. उलटा का करायचा, ते तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या चित्रफिती पाहूनही तिला पटलेलं नाही आणि मला समजावता येत नाही. तीस वर्षांपूर्वी मला ते ज्यांनी समजावलं होतं ते सरच होते. त्यांनी खडूच्या डबीतले खडू मोजून, अर्ध्या खडूचे किती तुकडे एका खडूत बसतात हे फळ्यावर ओळीने मांडून दाखवलं होतं. उदाहरण आठवतं, पण त्यापुढे सर जे बोलले ते शब्द आठवत नाहीत. आमचं गणित मंगळवारी दहा वाजता असतं. खडूची नवी डबी मी आणून ठेवली आहे.