विहिरीवरचे जुने एंजिन

तेल्हारा तालुक्यातील हिवरखेडच्या बाजूस शेतांतून फिरताना विहिरीजवळच्या पडक्या खोलीत गंजलेले तेलाचे एंजिन अजूनही दृष्टीस पडते. विजेचा पंप आला तेव्हा ते बाजूस सारले गेले. २०१९ साली पीएम-कुसुम योजना निघून सौरपंप येऊ लागल्यावर तर त्याची आठवणही उरली नाही. आता भंगारवाला येतो, बिडाचा भाव सांगतो आणि वडिलांनी कर्ज काढून घेतलेली वस्तू किलोच्या दराने गाडीत चढते. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरचे एंजिनही आमच्या गैरहजेरीत असेच गेले. हा लेख काही अंशी त्या हळहळीतूनच लिहिला आहे, हे वाचकांपासून लपविण्याचे कारण नाही.

ज्या घरात यंत्राची आवड असलेला मुलगा वा मुलगी आहे, त्या घराने तरी हे एंजिन विकू नये. अंगणात आणून खोलावे, असे आमचे म्हणणे आहे. ते पुन्हा ओलितास उपयोगी पडेल असे आम्ही म्हणत नाही. डिझेलचा भाव पाहता तो हिशेब तोट्याचाच निघेल. परंतु आजच्या मोटारीच्या एंजिनात संगणक बसला आहे, त्यापुढे घरच्या पान्याचे फारसे चालत नाही. जुन्या एंजिनात सारे काही डोळ्यांस दिसते. इंग्लंडातील लिस्टर कंपनीचे सहा अश्वशक्तीचे एंजिन मिनिटास ६५० फेरे घेई. त्याचा ठोका न् ठोका कानास वेगळा कळे. त्याच घाटाची एंजिने पुढे राजकोटास होऊ लागली, आणि १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्सची स्थापना झाली.

वर्षानुवर्षे बंद पडलेल्या एंजिनाचा पिस्टन बहुधा अडकलेला असतो. येथे घाई करणारा फसतो. हातोडी मारली की बीड तडकते. हेड उतरवून सिलिंडरात रॉकेल व तेल यांचे मिश्रण ओतावे, चार-आठ दिवस तसेच राहू द्यावे, आणि मग लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्यावेत. सिलिंडराभोवतीची पाण्याची पोकळी अवश्य तपासावी. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात जे एंजिन चालले, त्यात खाराचा जाड थर सापडण्याचा संभव फार. थर साचला की उष्णता बाहेर पडत नाही व पिस्टन धरतो. वडील ज्यास एंजिनाची खोड म्हणत, तो कित्येकदा विहिरीच्या पाण्याचा दोष असे. आणि हे मुलास स्वतःच्या हाताने थर खरवडतानाच कळते.

पहिल्यांदा हँडल मारताना जाणते माणूस जवळ असावे. धोतर, ओढणी चाकापासून दूर ठेवावी. बंद खोलीत एंजिन चालवू नये. धुराने माणूस दगावतो.

ज्यांचे एंजिन अजून खोलीत आहे, त्यांनी पावसाळ्यापूर्वी त्यावर पत्रा टाकून धुराड्याचे तोंड बांधून घ्यावे. पाटीवरील क्रमांकही उतरवून ठेवावा, सुटे भाग मागविताना तो लागतो. खोलण्याचे काम दिवाळीच्या सुटीत काढता येईल.