फोटोखाली नाव कुणाचे?

दिवाळी अंकांच्या संपादकांशी माझे जुने भांडण आहे. ते दिवाळी अंकातच मांडतो. दरवर्षी कुठल्या तरी अंकात कोरकू बाईचा देखणा फोटो असतो. छायाचित्रकाराचे नाव ठळक. आणि बाईचे? 'रानफूल' नाही तर 'आदिवासी सौंदर्य'. आईबापांनी तिचे नाव ठेवलेच नव्हते काय?

ही खोड साहेबाची. वॉटसन आणि के यांनी १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड काढले. त्यांत माणसे मांडली ती जातीजमातींचे नमुने म्हणून. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतावरील ग्रंथातही कोरकूंचे फोटो आहेत. खाली मेळघाटच्या डोंगरांचा उल्लेख सापडतो, माणसांची नावे सापडत नाहीत.

साहेब गेला. आपले काय? खकनारच्या मराठी घरात भिंतीवर आजोबा असतात, फेटा बांधलेले, खाली नाव आणि तिथी. १९५६ साली वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, निमाड मध्य प्रदेशात राहिले. शाळा-कचेरी हिंदीत, सोयरे रेघेपलीकडे; अशा वेळी पोरांना आपण कोण हे त्या भिंतीनेच सांगितले. तीच रेघ कोरकूंच्या सोयरिकीतूनही गेली. त्यांची भाषा तर ना मराठी, ना हिंदी. ती मुंडा कुळातली. ओळख टिकवण्याची कळकळ काय फक्त आपल्यालाच?

बरे, त्यांच्याकडे स्मृतिचित्राची चाल नाही असेही नाही. मेलेल्या माणसासाठी ते लाकडी फळी कोरतात: घोडेस्वार, वर सूर्य-चंद्र. ती कुणाची, हे घरच्यांना पक्के ठाऊक असते. तीच फळी संग्रहालयात गेली की उरते नुसती 'कोरकू कला'.

कुणी म्हणेल, चेहरा बोलका असला की नाव कशाला? मग तुमचे तरी कशाला छापता, बुवा? आणि तिला नाव छापायला नको असेल, तर तसे तिने सांगावे. ते विचारायला दोन मिनिटे लागतात. आता तर फोटो खिशातल्या फोनवर निघतो, रिळाचा खर्चही नाही. एक छापील प्रत तिच्या घरी पोचवायला काय हरकत आहे?

माझी मागणी एवढीच: पुढच्या अंकात फोटोखाली तिचे नाव, तिचे गाव, तिला विचारून. तोवर हा अंक घेऊन कुणीतरी खकनारच्या बाजारात जावे, आणि 'रानफूल' कुठे राहते म्हणून विचारून पाहावे.