मृग लागण्याआधी घरामागची भिंत बघा!

गुहागर तालुक्यातले सर्व ग्रामस्थ आणि मे महिन्यात गावी आलेले चाकरमानी बंधू-भगिनी, यांना कळकळीचं आवाहन.

आजच्या आज मागच्या दारी जा आणि डोंगराच्या अंगाची भिंत नीट न्याहाळा. मृग 7-8 जूनच्या सुमारास लागतो. जे काम आज दोन गड्यांत होईल, ते एकदा पाऊस धरला की कुणालाच करता येणार नाही.

वरचापाट-खालचापाटची किनाऱ्यालगतची पट्टी सोडली, तर आपल्या बहुतेक वाड्या उतारावर आहेत. जागा कमी म्हणून डोंगर कापून घरं बांधली गेली. कुठे तळमजल्याची मागची भिंत निम्मी मातीत आहे, कुठे परसात एका चिऱ्याच्या जाडीची भिंत दहा फूट माती अडवून उभी आहे. उन्हाळ्यात ती भक्कम वाटते. पण जिल्ह्यात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जांभ्यातून तो झिरपतो आणि खालच्या चिकणमातीवर तुंबतो. दहा फूट उंचीच्या भिंतीमागे पाणी वरपर्यंत भरलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचाच रेटा साडेचार टन होतो. मातीचा रेटा वेगळा.

हा रेटा भिंतीवर दिसतो. मधोमध पोट येतं. आडवी फट पडते किंवा चिऱ्यांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाते. भिंतीवरची जमीन कडेने फाटते. मागच्या खोलीचं दार घासायला लागतं. शंका असेल तर वरून ओळंबा सोडा आणि वर, मध्ये, खाली दोरीपासूनचं अंतर मोजा. फटीच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. आठ दिवसांनी खुणा लांब गेल्या असतील, तर भिंत सरकते आहे असं समजा आणि थांबू नका.

आमच्याच घरामागे फटीवर दोन वर्षं सिमेंट मारलं. दोन्ही पावसाळ्यांत ती त्याच रेषेत उघडली. शेवटी गवंड्याने पहारीने भिंतीतलं पाण्याचं भोक मोकळं केलं. आतून मुळं आणि कुजलेल्या पाल्याचा गोळा निघाला, आणि त्यामागोमाग गढूळ पाण्याची चिळकांडी. पाऊस थांबून आठवडा झाला होता, तरी पाणी तास-दीड तास वाहत होतं. आम्ही बाहेरून भिंत लिंपत होतो आणि आत पाणी कोंडत होतो.

म्हणून पहिलं काम पाण्याचं. भिंतीतली भोकं साफ करा. नसतील तर जाणकाराकडून दीड-दोन मीटरवर पाइप बसवून घ्या. पागोळ्यांचं पाणी पन्हळीने लांब न्या. भिंतीच्या वरच्या अंगाला चर खणून डोंगराचं पाणी कडेने वहाळात सोडा. भिंतीच्या माथ्यावर चिरे, वाळू, लाकडं रचू नका. पायथ्याशी खणू नका.

पोट आलेली भिंत गिलाव्याने सरळ होत नाही. अभियंत्याला दाखवा. थोडी कललेली असेल तर पाण्याला वाट देऊन बाहेरून जाड धिरे बांधता येतात. जास्त फुगली असेल तर कोरड्या दिवसांत मागची माती वरून टप्प्याटप्प्याने काढून ती उतरवावी लागते. नवी बांधताना पाया रुंद, अंग डोंगराकडे कललेलं, मागे खडीचा थर आणि पाइप हवेतच. खर्च होईल, पण भिंत पडली तर घरही जाईल.

2019 च्या जून-जुलैत, तीन दिवसांच्या अंतराने, पुण्यात कोंढव्याला आणि मुंबईत मालाडला मुसळधार पावसात भिंती कोसळल्या. कोंढव्यात 15 माणसं गेली, मालाडला त्याहून जास्त. दोन्ही ठिकाणी वेळ रात्रीची होती आणि माणसं झोपेत होती.

पावसात भिंतीतून येणारं पाणी अचानक गढूळ झालं किंवा वाहतं पाणी एकाएकी थांबलं, चिरे निखळू लागले, कडकड आवाज आला, तर सामान गोळा करत बसू नका. मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन डोंगराच्या विरुद्ध बाजूने बाहेर पडा. मग 112 किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या 1077 ला फोन करा, तलाठी आणि ग्रामपंचायतीला कळवा.

चाकरमानी मंडळींनो, कुलूप लावण्याआधी भिंतीचा फोटो काढून ठेवा. किल्ली देताना शेजाऱ्यांना सांगा, मोठा पाऊस झाला की मागे एक फेरी मारा. बंद घराची भिंत शेजारच्या घरावरही पडू शकते.

गणपतीत घर भरेल. माजघरात जागा पुरणार नाही आणि पोरांची अंथरुणं मागच्या खोलीत, त्याच भिंतीला लागून पडतील. तिथे त्यांना निर्धास्त झोपता यावं, म्हणून आज मागच्या दारी जा.

— तुमच्यातलाच एक गुहागरकर