साथ आणि श्रेढी

गेल्या अंकानंतर एका वाचकभगिनींचे पत्र आम्हांस आले. त्या लिहितात, ‘२०२० साली मोठमोठे पंडित गणिते मांडून इतके लक्ष रुग्ण होतील, तितके होतील, असे सांगत होते, आमच्या आळीत तर तसे काहीच घडले नाही. मग रोगाचे गणित म्हणजे कुडमुड्या जोशाचे भविष्यच नव्हे काय?’ प्रश्न रोखठोक आहे. हाच प्रश्न आमच्या घरातील एका माणसानेही आम्हांस विचारला होता. त्याविषयी पुढे लिहूच. आधी गणित पाहू.

रोग एकापासून दुसऱ्यास जडतो, हे ज्ञान आपल्या पूर्वजांस नव्हते असे नाही. अंगस्पर्श, निःश्वास, सहभोजन, एका शय्येवर निजणे, दुसऱ्याची वस्त्रे व माळा धारण करणे ह्यांच्या योगाने ज्वर, शोष, नेत्राभिष्यंद इत्यादी रोग पसरतात, असे सुश्रुताने निदानस्थानात सांगितले आहे. चरकाने तर जनपदोद्ध्वंसावर स्वतंत्र अध्यायच लिहिला. परंतु साथ किती वेगाने चढते, आणि चढलेली साथ उतरते का, हे मोजून पाहणे हा त्यांचा विषय नव्हता. तेव्हा ह्या कामी सुश्रुताच्या नावाने छाती फुगविण्याचे कारण नाही.

साथ उतरते का, ह्या प्रश्नास दोन उत्तरे पूर्वी दिली जात. एक, रोग लागण्याजोगी माणसेच संपतात म्हणून. दुसरे, रोगाचे विषच मंद होते म्हणून. १९२७ साली एडिंबरो येथील केरमॅक व मॅकेंड्रिक ह्या दोघांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहून तिसरेच उत्तर दिले. ही जोडी मोठी विलक्षण होती. मॅकेंड्रिक हे हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेतील डॉक्टर; कसौलीच्या पाश्चर संस्थेचे ते प्रमुख होते, आणि डासांमुळे हिवताप पसरतो हे सिद्ध करणाऱ्या रोनाल्ड रॉस ह्यांच्या सहवासात त्यांस गणिताची गोडी लागली होती. केरमॅक हे रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली प्रयोगशाळेतील अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यानंतरचे सारे गणित ह्या गृहस्थांनी मनातल्या मनात केले. आम्ही पस्तीस वर्षे फळ्यावर खडू झिजविला, तरी फळ्यावाचून साधे वर्गसमीकरण सोडविण्याचा धीर आम्हांस झाला नाही.

त्यांच्या म्हणण्याचे मर्म सातवीतल्या मुलासही समजेल. समजा, एक रोगी तिघांस रोग देतो. ते तिघे नऊ जणांस, नऊ जण सत्तावीस जणांस. ही गुणोत्तर श्रेढी होय; सातव्या पायरीस २१८७ चा आकडा येतो. आमचे पुष्कळ सुशिक्षित स्नेही येथे त्रैराशिक मांडतात, म्हणजे काल दहा, आज वीस, तर उद्या तीस असे समजतात, आणि तेथेच फसतात. परंतु श्रेढी अखंड चालत नाही. काही काळाने असे होते की, रोग्यास भेटणाऱ्या तिघांपैकी दोघांस रोग होऊन गेलेला असतो. मग तो एकासच रोग देऊ शकतो, आणि त्यापुढे एकासही धड नाही. साथ तेथून उतरू लागते. रोग न लागलेली माणसे अद्यापि शिल्लक असतात, विषही मंद झालेले नसते; तरी साथ उतरते. लसीचे सारे शास्त्र ह्याच उंबरठ्यावर उभे आहे. गोवराचा एक रोगी बारा ते अठरा जणांस रोग देतो असे मानतात. म्हणून शंभरांतील सुमारे पंचाण्णव मुलांस लस टोचल्यावाचून तो आटोक्यात राहत नाही.

ह्या निबंधात त्यांनी पडताळ्यासाठी घेतलेले आकडे आपल्या मुंबईचे आहेत. १८९६ साली मांडवी भागात उद्भवलेला प्लेग पुढे दरसाल येत राहिला. त्यांपैकी डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ ह्या काळातील आठवडेवार मृत्यू त्यांनी घेतले. त्यांचे सूत्र सतराव्या आठवड्यास ८९० मृत्यूंचे शिखर दाखविते, आणि प्रत्यक्ष आकडे त्या वक्ररेषेस बहुतेक चिकटून चालतात. एकेका बिंदूमागे एकेका आठवड्याच्या चिता व कबरी आहेत, हे ती आकृती पाहताना ध्यानात ठेवावे लागते. परंतु प्लेग मुळात उंदरांचा रोग, पिसवांमार्फत माणसांत येणारा. आपली गृहीते येथे काटेकोर लागू पडत नाहीत, हे त्या दोघांनी स्वतःच कबूल केले होते. पुढे २०१२ साली बाकाएर ह्या फ्रेंच गणितज्ञाने दाखविले की, मुंबईचा प्लेग दरसाल ठराविक ऋतूत चढे व उतरे, आणि त्या ऋतुचक्राचा विचार सूत्रात मुळीच नव्हता. रेषा जुळली म्हणून कारण सापडले असे होत नाही. गणित ताडून पाहणारे पुढे गणितीच निघतात. कुडमुड्या जोशाच्या धंद्यात ही चाल नाही.

मॅकेंड्रिक ह्यांचे दुसरे एक उदाहरण आम्हांस त्याहून प्रिय आहे. हिंदुस्थानातील एका खेड्यात पटकीची साथ आली. घरे २२३. त्यांपैकी १६८ घरांत एकही रोगी नाही. ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन दोन, ६ घरांत तीन तीन आणि एका घरात चार. आता १६८ घरे वाचली ती दैवाने की अन्य कारणाने? रोग लागलेल्या घरांची वाटणी पाहून त्यांनी हिशेब केला की, खरा धोका सुमारे ९३ घरांनाच होता. उरलेली घरे त्या विषाच्या वाटेवरच नव्हती. ह्यावरून त्यांनी अनुमान बांधले की, गावात विहिरी अनेक असाव्यात, आणि ह्या ९३ घरांचे पाणी एकाच दूषित विहिरीचे असावे. चौकशी केली तेव्हा गोष्ट तशीच निघाली. नुसत्या आकड्यांवरून विहीर सापडली!

आता घरची गोष्ट. आमचे मूळ घर कोकणात. २०२० च्या गणपतीस आमचे धाकटे बंधू मुलासुनांसह मुंबईहून यावयाचे होते; एकूण माणसे अकरा. घरी आमच्या मातोश्री, वय ९१, आणि आमच्या कुटुंबास दम्याचा विकार. आम्ही वही घेऊन बसलो. दर शंभर माणसांत एकाजवळ नकळत रोग असेल, असे धरले. हा आकडा अंदाजाचा होता. तर अकरा जणांत निदान एकाजवळ तो असण्याचा संभव दहांत एक निघाला. म्हणजे दहांत नऊ वेळा काहीच घडणार नव्हते. तरीही आम्ही येऊ नका म्हणून कळविले. बंधूंनी फोनवर एवढेच म्हटले, ‘अण्णा, शाळेत पोरांना नापास करायचास, तसे आम्हांस केलेस.’

त्या वर्षी त्यांच्या घरी किंवा आमच्या घरी कोणीही आजारी पडले नाही. ‘बघ, काय झाले? तुझे गणित चुकले,’ असे ते नंतर म्हणाले. पंचवीस वेळा तरी समजाविले की, काही झाले नाही ह्यावरून ‘दहांत एक’ खोटे ठरत नाही, आणि खरेही ठरत नाही. न आलेल्या माणसांनी काय आणले असते, हे मोजण्याचे साधन कोणाजवळही नाही. गणित पुष्कळदा ‘काहीच केले नाही तर’ ह्या अटीवर बोलते. लोक काहीतरी करतात, आणि मग आकडा चुकला म्हणून हसतात. वाचकभगिनींस आमचे उत्तर हेच आहे. बंधूंस मात्र ते पटले नाही. २०२१ च्या गणपतीसही ते आले नाहीत. ह्या खेपेस आम्ही बोलाविले होते. २०२२ च्या जानेवारीत हृदयविकाराने ते गेले. मातोश्रींनी त्यांस २०१९ च्या गणपतीनंतर पाहिले नव्हते.

ती वही अद्यापि आमच्याजवळ आहे. पत्र आले त्या रात्री ते गणित आम्ही पुन्हा करून पाहिले. शंभरांत एक, माणसे अकरा. उत्तर तेच आले.