सुरतेहून मधल्या वर्गाने

लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय विमानांत बिझनेस वर्गाच्या मागे आणि साध्या वर्गाच्या पुढे ‘प्रीमियम इकॉनॉमी’ नावाचा जो मधला वर्ग गेल्या तीन दशकांत रुजला, त्याची चर्चा बहुधा आसनाची रुंदी आणि जेवणाची भांडी यांच्याभोवतीच फिरते; परंतु ज्याचे घर सुरतेत आहे अशा प्रवाशाला या वर्गाचे मोल ठरवताना विमानाइतकाच विमानाबाहेरच्या वाटेचाही हिशेब करावा लागतो. सुरतेच्या विमानतळाला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय दर्जा दिला, त्याच महिन्याच्या १७ तारखेला नव्या टर्मिनलचे आणि सुरत डायमंड बोर्सचे उद्घाटन झाले, आणि शारजाला २०१९ पासून जाणाऱ्या विमानाच्या जोडीला दुबई व बँकॉक हीही ठिकाणे आली. ही सारी उड्डाणे मधून एकच मार्गिका असलेल्या लहान विमानांची आहेत. लंडन, टोरांटो किंवा न्यूअर्क येथून येणारे, दोन मार्गिकांचे आणि प्रीमियम इकॉनॉमी असलेले मोठे विमान सुरतेत उतरत नाही. ते मुंबईला, दिल्लीला किंवा अहमदाबादला उतरते आणि सुरतेच्या माणसाचा उरलेला प्रवास तिथून सुरू होतो.

या शहराच्या इतिहासात ही अवस्था नवी नाही. सतराव्या शतकात, म्हणजे सुरत हे मोगल साम्राज्याचे पश्चिमेकडील मुख्य बंदर असताना, युरोपातून येणारी मोठी गलबते तापीचे मुख उथळ असल्यामुळे शहरापर्यंत येऊ शकत नसत आणि सुवाळीच्या किनाऱ्याजवळच नांगर टाकीत. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सप्टेंबर १६१५ मध्ये याच सुवाळीला उतरला आणि पुढे जमिनीच्या वाटेने सुरतेत आला. हज यात्रेला जाणाऱ्यांसाठी सुरत हे मक्केचे द्वार मानले जाई, पण त्या द्वारातून बाहेर पडणेही सोपे नव्हते. बाबराची मुलगी आणि अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७६ मध्ये सुरतेहून जहाजात बसली, त्याआधी पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’, म्हणजे समुद्रावर निर्धोक जाऊ देणारा परवाना, हाती येईपर्यंत तिच्या लवाजम्याला किनाऱ्यावर दीर्घकाळ थांबावे लागले. बादशहाच्या घरातील स्त्रियांसाठी जहाजावरची जागा उत्तम राखून ठेवलेली असणार यात शंका नाही, परंतु त्या जागेचा किनाऱ्यावरच्या मुक्कामात काहीच उपयोग नव्हता.

मधल्या वर्गाचा जन्म समजून घेण्यासाठी विमानातील वर्गव्यवस्था कशी ताणली गेली हे पाहावे लागते. एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ८ जून १९४८ रोजी कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हा विमानप्रवास हाच मुळात श्रीमंतांचा होता. १९५२ मध्ये अटलांटिक मार्गावर स्वस्त भाड्याचा टुरिस्ट वर्ग आला, १९५८ मध्ये त्याहून स्वस्त इकॉनॉमी वर्ग आला, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पूर्ण भाडे देणाऱ्या व्यापारी प्रवाशांना सवलतीच्या तिकिटावरील पर्यटकांपासून वेगळे बसवण्याच्या गरजेतून बिझनेस वर्ग निर्माण झाला. याचा अर्थ असा की बिझनेस वर्ग हा स्वतःच आरंभी मधला वर्ग होता. पुढे कंपन्यांनी त्याला इतके सजवले की तो पहिल्या वर्गाला जाऊन भिडला आणि खाली पुन्हा पोकळी राहिली. ती भरण्याचे काम १९९२ च्या सुमारास तैवानच्या इव्हा एअरने आणि ब्रिटनच्या व्हर्जिन अटलांटिकने सुरू केले. ब्रिटिश एअरवेजने २००० मध्ये बिझनेस वर्गात पूर्ण आडवे होणारे पलंग आणले आणि त्याच वर्षी स्वतःचा मधला वर्गही सुरू केला. या दोन घटना एकाच वर्षी घडल्या हा योगायोग मानता येत नाही, कारण वरचे आसन पलंग झाले की त्याचे भाडे आणि खालच्या आसनाचे भाडे यांतील दरी एका दमात ओलांडणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर जाते. भारतात हा वर्ग प्रथम ‘विस्तारा’ या विमानकंपनीने २०१५ मध्ये आणला, एमिरेट्सने ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईच्या विमानांत तो दिला, आणि एअर इंडियाने जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आणलेल्या एअरबस ए-३५० विमानांत ३१६ आसनांपैकी २४ आसने या वर्गासाठी ठेवली.

कंपन्या या वर्गाला जागा का देतात, याचे उत्तर जागेच्याच हिशेबात आहे. विमानाच्या आसनांच्या बाबतीत ‘पिच’ ही संज्ञा वापरली जाते. एका आसनावरील ठराविक बिंदूपासून त्याच्या पुढच्या आसनावरील त्याच बिंदूपर्यंतचे अंतर म्हणजे पिच, आणि त्यात पाठीच्या गादीची जाडीही येत असल्यामुळे ते सर्वच्या सर्व पायांना मिळत नाही. साध्या वर्गात हे अंतर साधारणपणे ३१ ते ३२ इंच असते, प्रीमियम इकॉनॉमीत सुमारे ३८ इंच. शिवाय ए-३५० मध्ये साध्या वर्गाच्या एका ओळीत नऊ आसने असतात आणि मधल्या वर्गाच्या ओळीत आठ. या दोन गुणोत्तरांचा गुणाकार केला तर मधल्या वर्गातील एक आसन साध्या आसनाच्या सुमारे १.४ पट जमीन व्यापते असे दिसते, तर त्याचे भाडे अनेक मार्गांवर दीडपट ते दुप्पट असते. जागेच्या प्रमाणाबाहेर जाणारी ही वाढ जेवण आणि सामानाच्या थोड्या अधिक खर्चाने पूर्ण भरून निघते असे मानणे कठीण आहे. कंपन्यांना हा वर्ग प्रिय का आहे, हे त्यातून पुरेसे स्पष्ट होते.

प्रवाशाला त्या बदल्यात मिळते ते खोटे नसते. पाठ अधिक मागे जाते, पुढच्याने पाठ मागे टाकली तरी ती पोटावर येत नाही, विमानात चढताना रांग लहान असते, सामानाच्या पट्ट्यावर बॅग बहुधा लवकर येते. मात्र जाहिरातीत न दिसणाऱ्या दोन गोष्टी जाणत्या प्रवाशाला माहीत असतात. पहिली अशी की या आसनांचे हात बहुधा पक्के बसवलेले असतात, कारण जेवणाचे फळकूट आणि पडदा त्यांतच दुमडून ठेवलेला असतो; त्यामुळे विमान रिकामे असले तरी दोन-तीन आसने जोडून आडवे होता येत नाही, आणि अशा रात्री मागच्या साध्या वर्गात तीन रिकाम्या आसनांवर पसरलेला प्रवासी पुढच्यापेक्षा सुखी असतो. दुसरी गोष्ट सुरतेच्या प्रवाशाशी विशेष संबंधित आहे: जैन किंवा शाकाहारी जेवण आधी मागवून ठेवणाऱ्याला अनेकदा साध्या वर्गातलेच जेवण थोड्या बऱ्या भांड्यांत मिळते, आणि मधल्या वर्गासाठी म्हणून बेतलेल्या पदार्थांची यादी त्याच्या वाट्याला येत नाही.

अधिक भाड्याचे समर्थन आरोग्याच्या आधारे करण्याची प्रथा आहे, आणि तिची नीट छाननी होणे आवश्यक आहे. तासन्‌तास बसून राहिल्याने पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होते, या विकाराला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ असे लोकप्रिय नाव पडले. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास हा धोका साधारण दुप्पट होतो, तरीही निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतकाच राहतो, आणि तो विमानाप्रमाणेच मोटार, बस व आगगाडी यांनाही लागू आहे. कारण आसनाच्या वर्गात नसून निश्चल बसण्यात आहे. याच अभ्यासात १.९ मीटरहून उंच माणसांबरोबरच १.६ मीटरहून बुटक्या माणसांनाही धोका अधिक आढळला. उंचांची अडचण सर्वांना दिसते, बुटक्यांची कोणी विचारात घेत नाही. पाय जमिनीला टेकत नसले की आसनाची कडा गुडघ्यामागे दाबते, आणि भारतातील, विशेषतः मागच्या पिढीतील, स्त्रियांचा फार मोठा भाग या उंचीखालचा आहे. मधल्या वर्गातील पाय ठेवण्याची पट्टी त्यांना त्याच वर्गातील सहा इंच जादा जागेपेक्षा अधिक उपयोगी पडावी. पण ती पट्टीही बहुधा सरासरी उंचीचा पुरुष गृहीत धरून बेतलेली असते, आणि आसनाखाली सरकवलेली हातबॅग हेच काम विनामूल्य करते.

सरकारी कर खात्यांना मात्र मधला वर्ग दिसतच नाही. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशावर ‘एअर पॅसेंजर ड्यूटी’ नावाचा कर असतो, त्याचा सवलतीचा दर विमानातील सर्वांत खालच्या वर्गाला लागतो आणि त्यावरच्या प्रत्येक वर्गाला, मग तो प्रीमियम इकॉनॉमी असो वा पहिला वर्ग, एकच वरचा दर लागतो. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात लंडनहून भारताकडे येणाऱ्याला हे दर अनुक्रमे ९० आणि २१६ पौंड होते. म्हणजे सहा-सात इंचांसाठी कराचाच फरक १२६ पौंडांचा. भारतातही साध्या वर्गाच्या तिकिटावर ५ टक्के वस्तू व सेवा कर आहे, आणि त्यावरच्या सर्व वर्गांसाठी पूर्वी १२ टक्के असलेला दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. विमानतळावरील विश्रामकक्षाच्या दारात याच प्रवाशाला बहुधा खालच्या वर्गाचा म्हणून परत पाठवले जाते. कर भरताना वरच्यांत आणि आत जाताना खालच्यांत गणले जाणे, ही अवस्था आयकर भरणाऱ्या कोणत्याही मध्यमवर्गीय वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही.

भारतीय रेल्वेतही दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाच्या मध्ये ‘इंटर’ नावाचा वर्ग होता. १९५५ मध्ये जुना पहिला वर्ग रद्द करून दुसऱ्याला पहिला आणि इंटरला दुसरा असे नाव देण्यात आले, आणि १९७४ मध्ये तिसरा वर्गही नावापुरता संपला. मधल्या वर्गाचे आयुष्य वरच्या आणि खालच्या वर्गांतील अंतरावर अवलंबून असते. ते अंतर घटले की तो नाहीसा होतो. विमानात सध्या हे अंतर वाढतच चालले आहे, म्हणून त्याला एवढ्यात मरण नाही.

आता सुरतेच्या बाजूने पाहावे. दक्षिण गुजरातेतील पाटीदार कुटुंबे अमेरिकेत मोटेलच्या व्यवसायात, सुरतेच्या रांदेर भागातील कुटुंबे ब्रिटनमध्ये आणि दक्षिण आफ्रिकेत, हिऱ्यांचे व्यापारी अँटवर्पमध्ये, हे परिचित चित्र आहे. त्यात अलीकडे आणखी एक भर पडली आहे. यंत्रमागांच्या मागे धुळे, नंदुरबार आणि जळगावहून तापीकाठच्या रेल्वेमार्गाने आलेली मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थिरावली, महापालिकेच्या मराठी शाळांतून त्यांची मुले शिकली, आणि त्यांतील काहींची पुढची पिढी अभियंता होऊन परदेशी पोहोचली. घरी अहिराणी बोलणाऱ्या आणि बाहेर गुजराती बोलणाऱ्या आई-वडिलांना नातवंडाच्या जन्माच्या वेळी बोलावून घेताना मुलगा किंवा मुलगी मधल्या वर्गाचे तिकीट काढते, त्यात सोयीइतकाच मानाचा भाग असतो, आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

परंतु या वृद्धांची दमछाक नेमकी कुठे होते? मुंबईपर्यंतचे रेल्वेचे अंतर २६३ किलोमीटर आहे. वंदे भारत ते तीन तासांच्या आत कापते, पण बोरिवलीला उतरून सामानासह सहारच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलपर्यंत पोहोचणे, किंवा त्याऐवजी भाड्याच्या गाडीने राष्ट्रीय महामार्गावर पाच-सहा तास बसणे, यांत दिवस जातो. मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, तीन-चार तास आधी हजर राहावे लागते, म्हणजे दुपारी घर सोडलेला माणूस विमानात पाय ठेवतो तेव्हाच त्याला बारा तास झालेले असतात. सुरतेहून दुबईला जाऊन पुढचे विमान पकडण्याचा मार्ग कागदावर सुटसुटीत दिसतो, पण दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटे असतील तर सामान मध्येच उतरवून पुन्हा द्यावे लागते, आणि पहिल्या विमानाला उशीर झाल्यास दुसरी कंपनी जबाबदार राहत नाही. या साऱ्या टप्प्यांवर प्रीमियम इकॉनॉमीच्या तिकिटाचा उपयोग काउंटरवरची रांग लहान होण्यापलीकडे जात नाही. उपयोग होतो तो चाकाच्या खुर्चीचा, जी कोणत्याही वर्गाच्या प्रवाशाला मागणी केल्यास मिळते. चालता येत असूनही ती मागणाऱ्या भारतीय वृद्धांवर पुष्कळ टीका होते आणि खरोखर गरज असलेल्यांची त्यामुळे अडवणूक होते हेही खरे. तरी अनेकांना त्या खुर्चीपेक्षा ती ढकलणाऱ्या माणसाची, म्हणजे इंग्रजी पाट्या वाचून दाखवणाऱ्या आणि इमिग्रेशनच्या खिडकीपर्यंत नेणाऱ्या सोबत्याची गरज असते, हे टीकाकारांनी लक्षात घेतलेले नाही.

म्हणून खर्चाचा क्रम लावायचा झाल्यास पहिला पैसा एकाच तिकिटावर शेवटपर्यंत सामान जाईल अशा जोडणीवर, दुसरा सहारजवळच्या एका दिवसाच्या विश्रांतीवर, आणि त्यानंतर उरला तर मधल्या वर्गावर खर्च होणे युक्त ठरते. तो एकाच दिशेने परवडत असेल, आणि बऱ्याच कंपन्या जाण्या-येण्याचे वर्ग वेगवेगळे ठेवू देतात, तर भारतातून जातानाच्या फेरीसाठी घ्यावा. सर्वसाधारण सल्ला परतीच्या, थकलेल्या फेरीसाठी तो घेण्याचा असतो, पण सुरतेच्या प्रवाशाच्या बाबतीत थकवा जातानाच आधी येऊन बसलेला असतो, आणि परतताना मुंबईत उतरल्यावर निदान उरलेल्या २६३ किलोमीटरांत कोणाचे विमान चुकायचे नसते.